'मेक अप': जुळवणं आणि भरून काढणं

विज्ञान शिकवणाऱ्या मंडळींमध्ये एक इंग्रजी विनोद फार चालतो. टी-शर्टवर, कॉफीच्या मगवर, प्रयोगशाळेच्या दारावर तो छापलेला दिसतो. अणूंवर कधी विश्वास ठेवू नका, कारण 'दे मेक अप एव्हरीथिंग'. सगळी गंमत त्या 'मेक अप'मध्ये आहे. एका अर्थाने जग अणूंचंच बनलेलं आहे, आणि दुसऱ्या अर्थाने हे अणू पक्के थापाडे, सगळं पदरचं सांगतात. असे श्लेष सहसा दुसऱ्या भाषेत नेताना वाटेतच मरतात. हा मात्र मराठीत जवळजवळ सहीसलामत पोचतो: 'अणूंवर विश्वास ठेवू नका, सगळं त्यांनीच रचलेलं असतं.' आपण कविता रचतो, दहीहंडीचे थर रचतो, आणि कुभांडही रचतो. 'मेक अप'चे दोन महत्त्वाचे अर्थ आपल्याकडे एकाच क्रियापदात आधीपासून नांदत आहेत, आणि तरीही शाळेत 'मेक अप' शिकताना आपल्याला घाम फुटतो.

त्याचं एक कारण असं की हा शब्द आपल्याला आधीच माहीत असतो, पण चुकीच्या बाजूने. इंग्रजीतल्या अशा जोडक्रियापदांची नामं मराठीने भराभर उचलली. चेकअप, बॅकअप, ब्रेकअप, सेटअप, फॉलोअप, लाइनअप, गेटअप. पिकअप तर दोनदा उचलला: एक भाजी वाहणारा, आणि दुसरा 'गाडीला पिकअप नाही' मधला. पण क्रियापद म्हणून यातलं एकही आपण घेतलं नाही. नाम घ्यायचं आणि त्याला आपलं 'करणे', 'होणे', 'घेणे' जोडायचं, हा आपला शिरस्ता. त्यामुळे मेकअप म्हणजे चेहऱ्याला लावायचं ते, एवढाच अर्थ डोक्यात पक्का बसतो. मग 'ही मेड अप हिज माइंड' हे वाक्य समोर आलं की मुलांना वाटतं, या माणसाने मनाला पावडर लावली.

खरं तर त्या चेहऱ्यापासूनच सुरुवात करायला हरकत नाही. आपल्या रंगभूमीवरचे लोक 'तोंडाला रंग लावणं' म्हणतात, आणि त्याचा अर्थ केवळ रंग लावणं नसतो, नाटकात काम करणं असतो. इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात नटमंडळींनी 'मेक अप' हे क्रियापद वापरायला घेतलं, तेव्हा त्याचाही आवाका असाच मोठा होता. टोप, दाढी, पोशाख, चेहऱ्यावर काढलेल्या सुरकुत्या, सगळं मिळून राजा किंवा म्हातारा उभा करायचा. 'मेक अप' व्हायचं ते पात्र. चेहरा हा त्याचा एक भाग. पुढे अर्थ आकसत आकसत रंगाच्या डबीत जाऊन बसला. त्या डबीला घराघरांत नेण्याचं मोठं श्रेय मॅक्स फॅक्टर या पोलंडहून अमेरिकेत गेलेल्या टोप बनवणाऱ्या कारागिराला जातं. त्याने १९१४ साली सिनेमाच्या कॅमेऱ्यापुढे तडकणार नाही असा पातळ रंग तयार केला. नाटकवाल्यांचा म्हणून घरंदाज बायका जो शब्द टाळत, तो 'मेकअप' हा शब्द त्याने आपल्या मालासाठी बिनदिक्कत वापरला. पुढे १९३०च्या दशकात त्याच्याच कंपनीने पॅनकेक आणला. आपल्या रंगपटांत हा शब्द अजून ऐकू येतो.

थोडक्यात, पावडर-लिपस्टिक हा या क्रियापदाच्या धाकट्या अर्थांपैकी एक. थोरला कोणता, हे पाहायचं तर शेक्सपिअरकडे जावं लागेल. १५९०च्या दशकातल्या 'रिचर्ड द थर्ड' या नाटकाच्या सुरुवातीलाच कुबडा रिचर्ड स्वतःच्या नशिबाला बोल लावतो. आपण वेळेआधी या जगात ढकललो गेलो, जेमतेम अर्धे 'मेड अप' झालेले, अशी त्याची तक्रार. आजच्या कानाला हे ऐकून मेकअप-रूममधून घाईत बाहेर पडलेला नट आठवेल. रिचर्डला म्हणायचंय ते इतकंच की माझी घडण पुरी झाली नाही, मी अर्धाकच्चा राहिलो. म्हणजे इथे 'मेक' आहे घडवणं, आणि 'अप' आहे पुरं करणं.

हा 'अप' नीट पाहण्यासारखा आहे. वर जाण्याशी त्याचा संबंध आहेच, पण इंग्रजीत तो शेकडो क्रियापदांच्या मागे लागून 'पूर्णपणे, शेवटपर्यंत' असा अर्थ देतो. 'ईट' म्हणजे खा, 'ईट अप' म्हणजे ताटात काही ठेवू नकोस. 'यूज' म्हणजे वापर, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव. दिशेचा अर्थ इतका पुसला गेलाय की घर 'बर्न अप' झालं काय आणि 'बर्न डाउन' झालं काय, राख सारखीच. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपण 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत असाच फरक करतो. त्या 'टाक'मध्ये कुणी काही टाकत नाही, उलट सगळं पोटात जातं.

आपली ही शेपटं किती बारीक काम करतात हे सहसा लक्षातच येत नाही, कारण ती आपली आहेत. नुसतं 'बोलणं' घ्या. मनात खदखदत होतं ते 'बोलून टाकलं', म्हणजे मोकळा झाला. नको ते 'बोलून बसला', म्हणजे आता निस्तरा. नाराजी 'बोलून दाखवली', म्हणजे समोरच्याला कळेल अशी. मंगल कार्यालयवाल्याशी 'बोलून ठेवलं', म्हणजे पुढची सोय झाली. आणि साहेबांशी 'बोलून घेतलं', म्हणजे आपलं काम झालं. बोलणं तेच, पण त्यामागे पश्चात्ताप आहे की दूरदृष्टी, हे मागून आलेलं क्रियापद सांगतं. टाकणे, बसणे, ठेवणे यांचे मूळ अर्थ धरून परक्या माणसाने ही वाक्यं सोडवायला घेतली, तर त्याचं जे होईल तेच 'अप', 'ऑफ', 'आउट' पाहून आपलं होतं. फरक इतकाच की आपण शेपूट म्हणून दुसरं क्रियापद लावतो, इंग्रजी एखादं छोटं अव्यय लावते.

अव्ययाची ही करामतही आपल्याला अगदीच अनोळखी नाही. 'हृ' या एका संस्कृत धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले शब्द निघतात. उपसर्ग धातूच्या अर्थाला बळजबरीने भलतीकडे ओढून नेतो, असं व्याकरणाच्या जुन्या अभ्यासकांनी म्हणूनच ठेवलंय आणि उदाहरण म्हणून हेच शब्द दिलेत. आणखी मजा अशी की इंग्रजी 'अप' आणि संस्कृत 'उप' ही मुळात एकाच इंडो-युरोपीय घराण्यातली भावंडं. शिवाय ऋग्वेदाच्या भाषेत उपसर्ग क्रियापदाला चिकटलेला असलाच पाहिजे असं नव्हतं. तो वाक्यात दूर कुठे तरी बसू शकत असे. नंतरच्या संस्कृतात तो कायमचा चिकटला. इंग्रजीत मात्र तो अजून सुटा हिंडतो. जर्मनमध्ये तर एकाच क्रियापदाला तो कधी चिकटतो, कधी सुटून वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेल्यांना 'आउफमाखेन' आठवत असेल. शब्दशः तोही 'मेक अप'च, पण अर्थ 'उघडणं'. तेव्हा भावंडं एकाच घरातली असली तरी स्वभाव सारखे असतीलच असं नाही, आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेचा अर्थ काढायला जाऊ नये.

इंग्रजांना स्वतःलाही या प्रकाराची अडचण ठाऊक होती. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेत त्याने खास नोंद केली की क्रियापदामागे अव्यय लावून अर्थ बदलण्याची ही रीत परदेशी लोकांना सगळ्यात जास्त छळते. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र त्या मानाने अगदी अलीकडचं. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने १९२५ साली 'वर्ड्‌स अँड इडियम्स' या पुस्तकात ते रूढ केलं आणि सुचवण्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं.

आता 'मेक अप'कडे. कोश उघडला तर याचे दहा-बारा अर्थ ओळीने मांडलेले दिसतात, आणि ती यादी पाठ करणं हा शिकण्याचा सगळ्यात वाईट मार्ग आहे असं माझं मत आहे. रिचर्डची तक्रार लक्षात ठेवली तर यादीची गरज पडत नाही. अपुरं आहे ते पुरं करायचं, हे या क्रियापदाचं मूळ काम. ते दोन तऱ्हांनी होतं. एक, सुटे तुकडे एकत्र आणून पुरी वस्तू उभी करायची. दोन, वस्तू जवळपास आहे, पण मध्ये खड्डा पडलाय, तो बुजवायचा. पहिल्यासाठी आपल्याकडे 'जुळवणं' आहे, दुसऱ्यासाठी 'भरून काढणं'. या दोघांत 'मेक अप'चा बहुतेक सगळा संसार मावतो.

'जुळवणं' आधी घेऊ, कारण हा मराठी शब्द 'मेक अप'इतकाच बहुरूपी आहे. छापखान्यात खिळे जुळवत, घरात पैसे जुळवत, नात्यात लग्न जुळवतात, आणि हौशी कवी यमकं जुळवतो. इंग्रजी छापखान्यातही जुळवलेला मजकूर, मथळे, चित्रं एकत्र बसवून पान सिद्ध करण्याला 'मेक अप'च म्हणत. आपल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत त्याला 'पान लावणं' म्हणतात. रात्रपाळीच्या उपसंपादकाने 'मी पान लावतोय' म्हटलं की नवख्याला भलताच संशय येतो, ते सोडा. गाडीचे डबे जोडून रेक तयार करणं हेही 'मेक अप'. ब्रिजला तीनच जण जमले आणि चौथा भिडू मिळाला, तर तो 'मेक्स अप द फोर'. आणि खेळता येत नसताना केवळ आकडा पुरा व्हावा म्हणून कुणाला ओढून आणलं, तर तो 'मेक्स अप द नंबर्स'. याला आपल्याकडे 'खोगीरभरती' हा नामी शब्द आहे. स्पर्धेत उतरलेला एखादा दुबळा संघ 'नुसता नंबर्स मेक अप करायला आलोय असं समजू नका' म्हणतो, तेव्हा त्याला हेच म्हणायचं असतं.

हॉटेलच्या खोलीच्या मुठीला अडकवायची पाटी असते. एका बाजूला 'त्रास देऊ नका', दुसऱ्या बाजूला 'प्लीज मेक अप माय रूम'. ही खोली रंगवा असं सांगत नाही. विस्कटलेली गादी, चादरी, उशा, टॉवेल पुन्हा जागच्या जागी लावून खोली राहण्याजोगी करा, असं सांगते. 'बेड मेक अप करणं' म्हणजे ऐनवेळी आलेल्या पाहुण्यासाठी गादी, चादर, उशी गोळा करून अंथरूण तयार करणं. डॉक्टरची चिठ्ठी पाहून औषध तयार करणं हेसुद्धा 'मेक अप'. आता गोळ्या पाकिटातून येतात, म्हणून हा अर्थ मागे पडला. दवाखान्यात कंपाउंडर दोन-तीन बरण्यांतून मिश्रण ओतून द्यायचा, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी डकवायचा आणि वर पुड्या बांधायचा. तो जे करत होता त्याला इंग्रजीत अचूक क्रियापद हेच.

थाप मारण्याचा अर्थ इथूनच निघतो. घडलेली गोष्ट सांगताना तुकडे आपोआप येतात. न घडलेली सांगायची तर ते स्वतः जुळवावे लागतात. उशिरा आलेला कारकून बसचं पंक्चर, पाऊस आणि आजारी सासू एकत्र करून जे सांगतो ते 'मेड-अप'. मात्र या अर्थात लबाडी असलीच पाहिजे असं नाही. निजताना नातवाला आजोबा मनानेच गोष्ट रचून सांगतात, तीही 'मेड-अप'च, आणि ते कौतुकाने म्हटलं जातं. 'इन्व्हेंट' आणि 'लाय' यांच्या मधली ही जागा आहे. 'यू आर मेकिंग इट अप!' हे रागाने म्हटलं की 'काहीही सांगतोस!', आणि हसत म्हटलं की 'चल, काहीतरीच!' एवढा फरक पडतो.

आणि ते मन. 'टू मेक अप वन्स माइंड' म्हणजे मनात इकडे-तिकडे ओढणारे विचार एकत्र आणून एका जागी पक्के करणं, म्हणजे ठरवणं. इथे मराठी माणसाची एक ठरलेली गफलत होते. 'मनाची तयारी केली आहे' याचं इंग्रजी आपण सरसकट 'आय हॅव मेड अप माय माइंड' करतो. दोन्हींत बरंच अंतर आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी 'माझ्या मनाची तयारी आहे' म्हणणारा माणूस येणारं सोसायला सज्ज आहे. निर्णय कदाचित डॉक्टरांचा असेल. 'मेड अप माय माइंड' म्हणणारा मात्र स्वतः निवड करून मोकळा झालेला असतो आणि आता समजूत घालायला जाऊ नका, असंही त्यात सुचवत असतो. आपलं 'माझं ठरलंय' त्याच्या अगदी जवळ.

आता दुसरी तऱ्हा, भरून काढण्याची. ती सगळ्यात स्वच्छ दिसते ती साहित्यात नव्हे, बॉयलर हाउसमध्ये. साखर कारखान्यात किंवा औष्णिक वीज केंद्रात काम करणाऱ्या कुणालाही 'मेकअप वॉटर' काय असतं ते विचारा. शीतन मनोऱ्यातून गरम पाणी खाली पडताना त्यातलं काही वाफ होऊन उडून जातं, काही बारीक तुषारांबरोबर वाऱ्यावर जातं. मागे उरलेल्या पाण्यात क्षार साठत जातात, म्हणून काही पाणी मुद्दाम काढून टाकावं लागतं. या तिन्ही तुटींची बेरीज जेवढी, तेवढं नवं पाणी सतत आत सोडावं लागतं. ते मेकअप वॉटर. त्याची टाकी मेकअप टँक, त्याची नळी मेकअप लाइन. अभियंता दिवसभर हा शब्द बोलतो आणि संध्याकाळी घरी जाऊन लग्नाच्या मेकअपचं बिल भरतो. दोन्ही शब्द एकच आहेत हे त्याच्याही ध्यानात येत नसावं.

उशिरा सुटलेली गाडी वेगाने पळून वेळ भरून काढते, तेही 'मेक अप'. आपण मराठीत बोलताना 'टाइम कव्हर करेल' म्हणतो, तिथे इंग्रजीत 'मेक अप टाइम' हवं. बुडालेला तास पुन्हा घेतला की अमेरिकेत तो 'मेकअप क्लास', राहिलेली परीक्षा नंतर दिली की 'मेकअप एक्झाम'. आपल्याकडच्या काही महाविद्यालयांनीही हे नाव उचललं आहे.

इथे एक बारीक फट आहे, आणि परीक्षेत तसंच पत्रव्यवहारात आपण हमखास तिच्यात अडकतो. 'मेक अप' आणि 'मेक अप फॉर' एक नव्हेत. समजा उपाहारगृहात ५०० रुपये बिल झालं, तुमच्याकडे ४२० निघाले आणि मित्राने उरलेले ८० घातले. मित्राने 'मेड अप द डिफरन्स'. जे कमी होतं तेच, तेवढंच आलं. आता दुसरा प्रसंग. जेवण यथातथाच होतं, पण शेवटी आलेल्या गरम जिलेबीने सगळी कसर भरून काढली. जिलेबीने भाजीतलं मीठ काही वाढवलं नाही. एका गोष्टीतलं उणं दुसऱ्याच गोष्टीने झाकलं गेलं. इथे 'मेड अप फॉर'. पहिल्यात तूट स्वतः बुजते, दुसऱ्यात तिची भरपाई होते. फलंदाजी कोसळली पण गोलंदाजांनी सामना काढला, तिथेही 'मेड अप फॉर'च. मराठीत दोन्हींना 'भरून काढणं' चालतं, म्हणून आपल्याला 'फॉर' फालतू वाटतो आणि आपण तो खुशाल गाळतो.

याच्याच शेजारी 'आय विल मेक इट अप टू यू' बसतं. वाढदिवस विसरलेला नवरा, शब्द देऊन न आलेला मित्र हे म्हणतो. शब्दशः 'मी तुझी भरपाई करीन' असं केलं तर विमा कंपनीचं पत्र वाटेल. आपल्याकडे असा माणूस बहुधा 'पुढच्या वेळी नक्की' म्हणतो आणि पुढच्या वेळीही विसरतो.

भांडण मिटवण्याचा अर्थ या दोन तऱ्हांपैकी कुठल्या घरचा? माझ्या मते दोन्हीकडचा. तुटलेले दोघे पुन्हा जुळतात आणि मधली दरीही भरते. हा अर्थ जुना आहे. आज इंग्रजी मुलं 'लेट्‌स मेक अप' म्हणतात, तिथे आपली मुलं 'गट्टी फू' मागे घेऊन पुन्हा गट्टी करतात. हे क्रियापद जवळच्या माणसांचं आहे: मित्र, भावंडं, नवरा-बायको. दोन देशांनी तह केला तर त्यांनी 'मेक अप' केलं असं गंभीर बातमीत लिहीत नाहीत. चेष्टेने लिहिलं तर गोष्ट वेगळी.

आणि इथेच मला वाटतं 'मेक अप'चा खरा उपयोग कळतो. त्याच्या प्रत्येक अर्थाला लॅटिन-फ्रेंच वळणाचा एक भारदस्त जोडीदार आहे. जुळवणं म्हणजे 'कॉन्स्टिट्यूट', रचणं म्हणजे 'फॅब्रिकेट', भरपाई म्हणजे 'कॉम्पेन्सेट', ठरवणं म्हणजे 'डिसाइड', समेट म्हणजे 'रिकन्साइल'. मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला हे भारदस्त शब्द आधी येतात, कारण ते पुस्तकात असतात, एका शब्दाचा एक अर्थ असतो, आणि पाठ करायला सोपे. म्हणून आपलं बोलणं शुद्ध असूनही कडक इस्त्रीचं वाटतं. रुसलेल्या दोन मैत्रिणींना 'हॅव यू रिकन्साइल्ड?' विचारणं म्हणजे मराठीत 'उभयतांचा समेट झाला काय?' विचारण्यासारखं. समेट शब्द काही चुकीचा नाही. पण आपण विचारू 'मिटलं का तुमचं?', आणि इंग्रज विचारेल 'हॅव यू मेड अप?' उलट तक्रार अर्जात, करारात, अहवालात 'मेक अप' घालू नये. तिथे 'कॉम्पेन्सेट'च शोभतं.

वस्त्रोद्योगात मात्र हे क्रियापद कचेरीतही मानाने बसलं आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या कस्टम्सच्या वर्गवारीत ६३ वं प्रकरण 'मेड अप' कापडी वस्तूंचं आहे. सुतापासून कापड झालं, पण ते ताग्यातलं कापडच. त्याच्या कडा दुमडून, शिवून किंवा दशा गाठून वापरायला तयार वस्तू केली की ती 'मेड अप'. अंगात घालायचे कपडे आधीच्या ६१ आणि ६२ या प्रकरणांत जातात, म्हणून व्यापारात 'मेड-अप्स' म्हणजे चादरी, टॉवेल, पडदे, अभ्रे. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल परदेशी जातात ते याच खात्यातून. सोलापूरच्या निर्यातदाराला 'मेड-अप्स' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पेच पडतो तो हिशेब पाहायला आलेल्या नव्या पदवीधराला. ब्रिटनमध्ये 'मेड-अप रोड' असतो, म्हणजे खडी-डांबर घालून पुरा केलेला, आपला पक्का रस्ता. आणि कच्चा तो 'अनमेड'.

थोडं व्याकरण सांगायलाच हवं. 'मेक' आणि 'अप' यांच्या मध्ये कर्म शिरू शकतं. 'ही मेड अप अ स्टोरी' आणि 'ही मेड अ स्टोरी अप' दोन्ही बरोबर. पण कर्म सर्वनाम असेल तर त्याला मधलीच जागा: 'ही मेड इट अप'. 'मेड अप इट' कानाला खटकलं पाहिजे, आणि ते खटकायला लागलं की निम्मं काम झालं. 'मेक अप फॉर'मध्ये मात्र कुणीही मध्ये घुसत नाही. 'इट' मुकाट्याने शेवटी जातं. भांडण मिटण्याच्या अर्थी कर्म नसलं तरी चालतं: 'दे मेड अप'.

'मेड ऑफ' आणि 'मेड अप ऑफ' यांतही गल्लत होते. टेबल लाकडाचं असतं, तिथे 'मेड ऑफ'. समिती नऊ सदस्यांची असते, तिथे 'मेड अप ऑफ', कारण ते नऊ तुकडे सुटे मोजता येतात. 'समिती नऊ सदस्यांनी बनलेली आहे' या आपल्या वाक्यातल्या '-नी'मुळे 'मेड अप बाय' किंवा 'मेड अप विथ' लिहायचा मोह होतो. 'बाय' लिहिलंत तर सदस्यांनी ही समिती मनाने रचली, अशी नाही ती अफवा उठेल.

उच्चाराबद्दल शाळेत सहसा कुणी बोलत नाही. नाम असेल तेव्हा जोर 'मेक'वर पडतो, क्रियापद असेल तेव्हा 'अप'वर. मराठीत शब्दातला आघात अर्थ बदलत नाही, म्हणून आपण दोन्ही सारखेच उच्चारतो. लिहितानाही तसंच: क्रियापद दोन सुटे शब्द, नाम जोडून किंवा मध्ये आडवी रेघ देऊन.

एवढं सगळं जुळवणं आणि भरून काढणं यांत बसवल्यावर काही खोडकर वापर बाहेर उरतातच. 'मेक अप टू समवन' म्हणजे एखाद्याला लाडीगोडी लावणं, साहेबांच्या मागेपुढे करणं. हा ब्रिटिश वापर आता जुनाट झालाय, आणि तो पुरं करण्याच्या अर्थात कसा बसवायचा हे ओढाताण केल्याशिवाय जमत नाही. मी ती करणार नाही. लिव्हरपूलची गोष्ट आणखी वेगळी. तिथल्या बोलीत 'आय ॲम मेड अप' म्हणजे 'मी जाम खूश आहे'. सामना जिंकला, नोकरी लागली, नात झाली, की लिव्हरपूलचा माणूस 'मेड अप' असतो. आणि मित्राला बढती मिळाल्यावर तो 'आय ॲम मेड अप फॉर यू' म्हणाला, तर त्यात भरपाई शोधू नये. तिथला हा 'फॉर' जिलेबीचा नव्हे. त्याला तुमच्यासाठी खराच आनंद झालेला असतो.